सान इसिद्रोच्या दिवशी मेलेली सून

९ जानेवारी २०२३

बेर्तो,

तेताने माझा फोन हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, "लोला, फोन बिघडलेला नाही. बाबांनी तुला ब्लॉक केलंय." बारा वर्षांच्या नातीने आजीला हे सांगावं लागलं. असू दे. टपालवाल्याला अडवायचं बटण अजून कुणी काढलेलं नाही, म्हणून लिहिते आहे. तिसरीपर्यंत शिकलेली बाई आहे मी, ओळी वर-खाली जातील. तू इंजिनियर आहेस, लावून घे अर्थ.

तुझी बायको बरी आहे. मेलेल्या बाईच्या मानाने तर फारच बरी आहे. आज पहाटे डुकरीला खायला घातलं, मासे साफ केले, मग शाळेत जाऊन तेताच्या बाईंशी भांडून आली. गेल्या वर्षी पासपोर्टचा कागद काढायला इलोइलोला गेली होती तेव्हाचं तुला कुणी सांगितलंय का? खिडकीतल्या मुलीने यंत्रात नाव घातलं आणि छातीवर क्रूस काढला. "मॅडम, तुम्ही १५ मे २०१८ ला वारलात." निला म्हणाली, "वारले तर वारले, रांगेत दोन तास उभी आहे, माझा नंबर तरी घ्या." मला हे आठवलं की अजून हसू आवरत नाही.

आपल्या देशात घटस्फोट नाही, हे मलाही ठाऊक आहे. कंटाळलेले नवरे काय करतात? जहाजावर जातात, दुसऱ्या बेटावर घर करतात, लाजत का होईना पण राहतात. बायकोला कागदावर मारून, विधुर म्हणून काळी फीत लावून, तीन महिन्यांत दिविनाचा नवरदेव म्हणून तिच्या बापाच्या हार्डवेअर दुकानामागच्या चर्चमध्ये उभा राहणारा तूच. एवढं डोकं पूल बांधण्यात घातलं असतंस तर आपल्या ओढ्यावरचा पूल पडला नसता.

रविवारी तुझा वकील आला, तो सालविलिया. ट्रायसिकल रिक्षातून उतरला तो बिस्किटांचा डबा पुढे धरूनच. खुर्चीवर बसण्याआधी रुमालाने खुर्ची पुसली, ते मी बघितलं. मग मला समजावलं. दोन गुन्हे आहेत, म्हणाला, एक खोटा मृत्यूचा दाखला, दुसरा बायको जिवंत असताना लग्न. दोन्ही मिळून बरीच वर्षं आत. सुटायची वाट एकच. बेर्तोचं मन आजारी होतं, बायको मेली असं त्याला खरोखरच वाटत होतं, हे मनाच्या तज्ज्ञाकडून कोर्टात लिहून द्यायचं. आजारी ठरला तर तुरुंग नाही, इस्पितळ, आणि इस्पितळातून माणूस लवकर बरा होतो. पण मन आपोआप आजारी पडत नाही ना आजी, म्हणाला, लहानपणी कुणीतरी पाडलेलं असावं लागतं.

मी विचारलं, कुणी?

"आईने," म्हणाला. "बहुतेक वेळा आईच असते." वाण्याने मीठ संपलं म्हणावं तसं म्हणाला.

"म्हणजे मी त्याला मारायची, असं सांगायचं?"

"फार नाही, आजी. थोडं."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्या तज्ज्ञाला पाठवा म्हटलं. चौऱ्याहत्तर वर्षांत मला कुणी काही विचारायला आलेलं नाही. आता खुद्द कोर्टाला माझी चौकशी करायची आहे, तर मी काय घर बंद करून बसू?

बिस्किटं सादळलेली होती.

तुझी आई (अजून तरी जिवंत. माझाही कागद काढला असलास तर कळव.)


२६ जानेवारी

बेर्तो,

मनाची बाई येऊन गेली. मिस पाल्मारेस. तुझ्या धाकट्या मेव्हणीएवढी असेल, कानात मोत्याचे डूल, बोटींच्या धक्क्यावरच चप्पल तुटलेली. निलाने तिला आपली चप्पल दिली. म्हणजे तुला सोडवायला आलेली बाई तू मारलेल्या बाईच्या चपला घालून माझ्यासमोर बसली होती. तिला ते माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही, उगाच तिचा पाय कशाला थरथरवा.

आधी कागद-पेन्सिल दिली. घर काढा म्हणाली. काढलं. झाड काढा. काढलं. माणूस काढा. मी म्हटलं, माणूस मला जमत नाही, डुक्कर काढू का? जन्मभर डुकरं पाळली, पाय कुठे आणि शेपूट कुठे ते झोपेत काढीन. ती म्हणाली, चालेल, आणि वहीत काहीतरी लांबलचक लिहिलं. डुकराचं एवढं काय लिहायचं असतं ते तिचं तिला माहीत.

मग तुझं लहानपण. हळू आवाजात विचारायची, जणू मी फुटणार आहे. तुम्ही त्याला आंब्याच्या झाडाला दोरीने बांधत होतात का? कोरड्या मुगावर गुडघे टेकून उभं करत होतात का? जेवण तोडत होतात का? मी प्रत्येक वेळी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिला वाटलं असेल, म्हातारी अपराधाने गप्प झाली. मी गप्प होते ती ओळखत होते म्हणून. मुगाचे गुडघे आणि आंब्याची दोरी, हे सगळं पलीकडच्या सेर्जिओचं. त्याचा बाप दारू प्यायला की चालायचं, आणि तू कुंपणावर बसून चिंचा खात बघायचास. बायकोचा जीव चोरलास, दाखला खोटा केलास, ते ठीक. दुसऱ्याचं लहानपण चोरणारा चोर मी पहिल्यांदाच बघितला. सेर्जिओ आता धक्क्यावर गोणी उचलतो. त्याला मनाची बाई कोण पाठवणार?

तिला मी एवढंच सांगितलं की आठवून सांगते. जाताना तिला अर्धा फणस दिला. पोर वाईट नाही, फक्त जे सांगाल ते लिहून घेते.

आई


२० फेब्रुवारी

बेर्तो,

अहवाल आला. फिर्याद निलाची, म्हणून सरकारी वकील बाईंनी प्रत तिला दिली. अकरा पानं. निलाने वाचून दाखवला, मी मासे कापत होते. मधे मधे ती थांबायची, डोळे पुसायची, हसून हसून.

मी त्यात "कठोर, भावनाशून्य आणि वर्चस्व गाजवणारी" आहे. निला म्हणाली, "नानाय, ही कोण बाई? मी लग्नाआधी भेटले असते तर पळून गेले असते." दोरी आहे, मूग आहेत. माझ्या डुकराला अर्धं पान आहे. माणसाच्या जागी जनावर काढणं म्हणजे माणसांविषयी माया नसल्याचं लक्षण. त्या डुकरीला विचारायला हवं होतं.

शेवटचं पान तेवढं मी हात धुऊन ऐकलं. तुला अशा आईमुळे लहानपणापासून नकोशा गोष्टींवर मनाचं दार लावून घ्यायची सवय लागली. संसार नकोसा झाला तेव्हा तुझ्या मनाने तेच दार लावलं, आणि १५ मे २०१८ पासून आपली बायको या जगात नाही, याची तुला "पूर्ण आणि प्रामाणिक" खात्री होती. कागद खोटा, पण खात्री खरी. असं शिकलेल्या माणसांनी लिहिलंय, वर सही आणि शिक्का.

मी म्हटलं, निला, पंधरा मे म्हणजे सान इसिद्रोचा सण. ती म्हणाली, हो. मी म्हटलं, याने तीच तारीख का धरली असेल? ती म्हणाली, त्याला गावची दुसरी कुठली तारीख आठवते, नानाय? तेताचा वाढदिवससुद्धा तो विचारून घ्यायचा.

आणि मग आम्ही दोघी एकदम उठलो आणि गोठ्याकडे गेलो. डुकरीच्या डोक्यावर पावसासाठी बांधलेला फ्लेक्स. पाच वर्षं तिच्यावर पाणी गळू दिलं नाही त्याने. तुला आठवतो? त्या वर्षी सणाच्या भाजलेल्या डुकराचा खर्च तू शहरातून पाठवलास आणि बदल्यात चर्चच्या फाटकावर आपला फ्लेक्स हवा म्हणालास, बास्केटबॉलच्या मैदानावर नको, फाटकावरच. फोटो तूच फोनवरून धाडलास. डोक्यावर पिवळी टोपी, शेजारी निला, लग्नातल्या निळ्या झग्यात. खाली हे एवढ्या अक्षरात, "इंजिनियर एदिल्बेर्तो गाबासा व सौ. लिओनिला यांजकडून गावाला सणाच्या शुभेच्छा. १५ मे २०१८." ज्या दिवशी बायको मेल्याची पूर्ण आणि प्रामाणिक खात्री झाली, त्याच दिवशी तिच्या खांद्यावर हात ठेवून अख्ख्या गावाला हसून दाखवलंस. तोंड दाखवायची एवढी हौस कुणी सांगितली होती? कागदावर खून करायचा तर गुपचूप करावा.

फ्लेक्स धुतला. तुझ्या एका गालावर डुकरीने शिंग नसताना भोक पाडलंय, बाकी ठीक.

आता ती दुसरी गोष्ट. मृत्यूच्या दाखल्यावर खबर देणारी म्हणून माझी सही आहे, हे सगळ्यांना कळलंय. मी सगळ्यांना सांगितलं तेच तुलाही लिहून ठेवते. तू म्हातारपणाच्या भत्त्याचा कागद म्हणून आणलास, माझ्याकडे चष्मा नव्हता, मी सही केली. निलालाही असंच सांगितलंय. तिने त्यावर एक शब्द विचारला नाही.

आई


६ मार्च

बेर्तो,

पत्रं वाचतोस तर. फ्लेक्सचं लिहिलं आणि आठवडा व्हायच्या आत वकील दारात. यावेळी बिस्किटं नाहीत, छोट्या ट्रकमध्ये कोरे करकरीत पत्रे. "आजी, बेर्तोला तुमच्या डुकरीची काळजी वाटते, गोठ्यावर नवीन छप्पर घालू या, जुनं फाटकं मी घेऊन जातो." दोन माणसंही आणली होती, शिडीसकट. पत्रे घातले त्यांनी, छान घातले. जुनं फाटकं कुठे आहे म्हणून वकील गोठ्यात शिरला तेव्हा डुकरी बाळंतीण आहे हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. त्याची पँट निलाने धुऊन दिली. फ्लेक्स त्याच्या दोन दिवस आधीच सरकारी वकील बाईंकडे पोचला होता.

मग पँट वाळेपर्यंत बसला माझा लुंगीसारखा पाताद्योंग गुंडाळून, आणि खरं काय ते बोलला. फ्लेक्स कोर्टात आला तर खात्रीचं सगळं ढासळेल. मग उरेल तो खोटा दाखला. पण दाखल्यावर बेर्तोची सही नाही ना, आजी. तुमची आहे. तुम्ही म्हणालात की कुठल्या तरी दुसऱ्या लिओनिलाच्या मयताशी तुमची गल्लत झाली, आणि बेर्तोने आईवर विश्वास ठेवला, तर तो सुटतो. तुमचं वय बघता तुम्हाला कोण आत टाकणार? मिस पाल्मारेस दुसरा अहवाल देतील, विसराळूपणाचा.

म्हणजे एका कागदात मी सगळं बघणारी, सगळ्यांवर सत्ता चालवणारी, आणि दुसऱ्यात मला सून जिवंत आहे की मेली तेही कळत नाही. मी त्याला म्हटलं, दोन्ही एकाच पिनेत टाचू नका, भांडतील.

तो गेल्यावर मात्र मला जुनं आठवलं. तुझी ही युक्ती नवीन नाही, बेर्तो. फक्त यावेळी वकील लावून मागितलीस. आधी नुसता दारात उभा राहायचास, एक पाय दुसऱ्या पायावर घासत.

चष्मा त्या दिवशी कुठे होता, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. सरकारी वकील बाईंनी १८ एप्रिलला बोलावलंय.

आई


१९ एप्रिल

बेर्तो,

काल तू समोरच होतास, पण तुझी मान खाली आणि दिविनाचा बाप तुझ्या आणि माझ्या मधे. म्हणून लिहिते, म्हणजे नीट ऐकलं नाही असं म्हणायला जागा नको.

न्यायाधीश बाईंनी आधीच सांगितलं, आईवर मुलाविरुद्ध बोलायची सक्ती नाही, तुम्ही घरी जाऊ शकता. मी म्हटलं, बोटीतून ओकत आले आहे, आता बोलूनच जाईन. लोक हसले. तू हसला नाहीस.

फ्लेक्स दोन शिपायांनी उलगडून धरला. कोर्टात तेवढी भिंत नव्हती, तुझी टोपी खिडकीवर गेली. मिस पाल्मारेसने तो वाचला आणि मग आपल्या अहवालाकडे बघत राहिली. त्या पोरीचा चेहरा बघवेना.

मग तुझ्या सालविलियाने मला उलटं विचारलं, कठोर आवाजात. तुम्ही मुलाला मारत होतात, हे खरं ना?

मी म्हटलं, "नाही. एकदाही नाही. तीच तर चूक."

त्याने मला थांबवायला बघितलं, पण न्यायाधीश बाई म्हणाल्या, बोलू द्या. मग मी कोंबड्याचं सांगितलं. तू चौदा वर्षांचा होतास, गावच्या प्रमुखाचा, कपितानचा, झुंजीचा कोंबडा चोरून तू पलीकडच्या गावात विकलास आणि बूट घेतलेस. कपितान दारात आला. तू आत, एक पाय दुसऱ्या पायावर घासत. मी सान्तो निन्योच्या, बाळ येशूच्या, मूर्तीवर हात ठेवून शपथ घेतली की कोंबडा नेताना मी इस्कोला बघितलं. इस्को कपितानचा गडी. चाळिशीचा माणूस, दोन लेकरांचा बाप. त्याला कपितानने गावासमोर हाकललं. तो नेग्रोसच्या उसाच्या मळ्यात गेला आणि परत आला नाही. त्याची बायको मला वर्षभर विचारायची, पुरिंग, तू नक्की त्यालाच बघितलंस ना? आणि मी म्हणायची, नक्की.

हे कुठल्याच अहवालात नाही. डुकराला अर्धं पान आणि इस्कोला एक ओळ नाही. मनाच्या बाईने दोरी शोधली, मूग शोधले. तुझ्या आयुष्यात तुला आपल्या चुकीचं कधीही काहीही भोगावं लागलं नाही, हे तिला कसं सापडणार? मला सापडायला साठ वर्षं लागली असती, तू आपल्या चोपन्नाव्या वर्षीच सोय केलीस.

मग सरकारी वकील बाईंनी दाखला पुढे धरला. ही सही तुमची? माझी. न्यायाधीश बाईंनी पुन्हा सांगितलं, ज्या उत्तराने तुम्ही स्वतः अडकाल ते द्यायलाच हवं असं नाही. सालविलिया एकदम मवाळ झाला, म्हणाला, आजी, त्या दिवशी तुमच्याकडे चष्मा नव्हता, हो ना?

निला मागच्या बाकावर होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"चष्मा नाकावर होता," मी म्हटलं. "तिसरीपर्यंत शिकले आहे. वर सुनेचं नाव होतं आणि त्याच्या पुढे मृत लिहिलं होतं. मी वाचलं. मुलगा म्हणाला, 'नानाय, एवढं एकदाच.' मी सही केली."

नंतर कुणी काय विचारलं ते मला फारसं आठवत नाही, आणि हा विसराळूपणा खरा आहे.

परतीच्या बोटीत निला माझ्या शेजारी बसली नाही, समोर बसली. अर्धा समुद्र संपला तेव्हा बोलली. शांतपणे, भाव विचारावा तसं.

"त्या दिवशी मी बाजारात गेले होते ना?"

"हो."

"तुम्ही सही केलीत, तो गेला, आणि मग मी आले. मला काय म्हणालात?"

"म्हटलं, मीठ आणलंस का."

"आणि मी केलेला भात?"

"दोनदा घेतला."

तिने पाण्याकडे तोंड फिरवलं. पाच वर्षं तिने मला आईसारखं नानाय म्हणत वाढलं आणि मी खाल्लं. धक्का आला. फळी ओली होती. मला वाटलं, आता ही पुढे निघून जाईल. ती उतरली, थांबली, न बघता हात मागे केला. मी धरला. घरी पोचलो. दारात म्हणाली, "महिनाभर तुम्ही रांधा." मी रांधते आहे. मीठ कमी पडलं तरी ती बोलत नाही, हे मला जास्त लागतं.

आई


२७ जून

बेर्तो,

हे पत्र तुरुंगाच्या पत्त्यावर पाठवते आहे. सालविलियाने अहवाल मागे घेतला आणि तू कोंबड्यासारखा मान टाकून दोन्ही गुन्हे कबूल केलेस, असं कळलं. कबूल म्हणजे वकिलाने कबूल केले आणि तू मान हलवलीस. तेही अर्धंच.

निला आता जिवंत आहे. कोर्टाने मृत्यूची नोंद रद्द केली, शिक्का मारलेला कागद आला. तिने तो तेताला मोठ्याने वाचायला लावला आणि कपाटात ठेवला. महिना संपला तरी मीच रांधते आहे; त्या दुपारी पहिल्यांदा म्हणाली, "नानाय, आज आमटी खारट झाली." मला किती बरं वाटलं ते तुला सांगून कळायचं नाही.

आता माझी पाळी. खोट्या सहीबद्दल माझ्यावर खटला लागला आहे. सरकारने फुकटचा वकील दिलाय, मुलगाच आहे, घाम पुसत बोलतो. त्याच्या विनंतीवरून परवा मिस पाल्मारेस पुन्हा आली. यावेळी स्वतःच्या चपला. निलासमोर उभी राहिली आणि माफी मागितली. मी पडताळून न बघता लिहिलं, म्हणाली, जे सांगितलं ते खरं धरलं. निलाने तिला बसायला खुर्ची दिली. तेवढंच दिलं.

मग मला तीन शब्द दिले लक्षात ठेवायला. घंटा, आंबा, खुर्ची. शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. मी केलं. आजची तारीख विचारली, राष्ट्राध्यक्ष विचारला. शेवटी हळूच म्हणाली, "लोला, तुमच्या वयात सगळेच थोडे विसरतात. मी तेवढं लिहिलं तर ते खोटं होणार नाही. खटला तिथेच संपेल."

पोर कळवळ्याने बोलत होती. म्हणून मला तिचा राग आला नाही.

मी म्हटलं, "घंटा, आंबा, खुर्ची. जानेवारीत तुझ्या कानात मोत्याचे डूल होते, आज सोन्याचे आहेत. लिही, बाईला सगळं आठवतं."

"मग शिक्षा होऊ शकते."

"होऊ दे. या घरात ती कुणी घेतलेली नाही. कशी असते बघू."

तिने लिहिलं. मी चष्मा लावून वाचलं आणि मगच सही केली.

इस्कोच्या थोरल्या मुलीचा पत्ता निलाने बाकोलोदमधून काढला आहे. तिला पत्र लिहायचं आहे. चार दिवस कागद समोर घेऊन बसते, तुला शिव्या लिहिणं फार सोपं होतं.

ऑगस्टमध्ये तुला न्यायाधीश बाईंसमोर शिक्षा ऐकायला उभं करतील आणि विचारतील, काही बोलायचं आहे का. वकिलाकडे बघू नकोस. दिविनाच्या बापाकडे बघू नकोस. मी मागच्या बाकावर असेन, माझ्याकडे तर मुळीच बघू नकोस. दोन्ही पाय जमिनीवर ठेव आणि म्हण, मला माहीत होतं. मी चौऱ्याहत्तराव्या वर्षी म्हटलं, जीभ झडली नाही.

तुझी आई,
पुरिफिकासियोन गाबासा